एकशे आठ नमस्कार

तुम्ही हसाल, पण एकोणीसशे सत्तरच्या सुमारास दर हनुमान जयंतीला मी पंचवटीतल्या तालमीत नारळ फोडून व्यायाम सुरू करायचो आणि तिसऱ्या दिवशी अंथरूण धरायचो. पहिल्याच दिवशी एकशे आठ नमस्कार, हा माझा नेम. वस्ताद म्हणायचे, "दूध वाढव." वैद्य म्हणायचे, "दूध सोड." सात वर्षं गेली, पण चुकतंय कुठे तेच कळेना!

तेव्हा मी नाशिकहून रोज रेल्वेने लासलगावला जायचो, तिथे कांद्याच्या आडतीवर कारकून होतो. तिथले हमाल गेणूबाबा साठीतही गोण्या सहज उचलायचे. शेवटी त्यांनाच विचारलं, "बाबा, तुम्ही खाता तरी काय?"

"भाकर. तुम्ही काय करता?"

मी माझा नेम सांगितला.

"भाऊसाहेब, सालभराच्या गोण्या मी एका दिसात उचलत नाय."

"मग किती उचलायच्या?"

"उद्या परत कामाला येता यील, येवढ्या."

पुढच्या जयंतीला मी बाराच नमस्कार घातले आणि घरी गेलो. चौथ्या दिवशी तालमीत शिरलो, तर वस्ताद दचकलेच.

"तू? आज? अरे, घरी सगळं ठीक आहे ना?"