राजानं कोणाले हात जोडले

तिच्यासंग शेवटचं काय केलं म्हणता, तर टीव्ही पाह्यला, दुसरं काय. दुपारचं जेवण झालं होतं, मायी बायको शेवंता खाटेवर बसून बटनं दाबता दाबता एका कानडी पिच्चरवर थांबली. जुन्या काळचा कोणता तरी राजा, हत्ती, घोडे, लढाई. मी म्हटलं बदलव वं, एक अक्षर समजत नाई. तर म्हणे भांडण समजाले भाषा कायले पाह्यजे जी, आपलं शेजाऱ्यायले समजते का नाई?

आता मी जलमाचा संशयी. वाडीच्या गोदामात हमाली केली, पोतं उचलायच्या आधी शिवण पाहात जाओ. पण याचं मूळ माया बापात हाये. कुही गावाकडचे आम्ही, दीक्षेच्या वक्ताले मी मायच्या कडेवर होतो. बाप बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेऊन आला, घरातले देव नदीत सोडले आन् मरेपर्यंत एकच सांगे, हात जोडायच्या आधी पाह्य, कोणाले जोडून राह्यला. शेवंता मले म्हणे तुम्ही दूधवाल्यावर संशय घेता, डाक्टरवर घेता, जावयावर घेता, आता मेलेल्या राजावरही घ्या. मी म्हटलं घेईन. हे पिच्चरवाले जुना राजा उचलतात आन् आपल्या मनानं रंगवतात, काय भरोसा?

तर काय सांगू तुम्हाले, लढाई संपली, राजा अनवाणी चालत गेला आन् एका डोकं भादरलेल्या, भगव्या वस्त्रातल्या म्हाताऱ्याम्होरं त्यानं हात जोडले. शेवंता खाटेवरून खाली उतरली, विहारात टेकते तसं जमिनीले डोकं टेकलं. माया डोकस्यात आग. काहून वं, कोणताही टकला दिसला का पाया पडतं? कोन्या पंथाचा हाये माहीत हाये का? माया बाप असता तर घरात ठेवलं नसतं तुले! ती म्हणे भंतेच होते जी ते. मी टीव्ही बंद केला. ती गुडघे धरून उठली, भिंतीकडं तोंड करून निजली. चार वाजता चहाले हाक मारली, बोलली नाई. म्हटलं नाटक करून राह्यली. आणखी घंटाभर मी तसाच बसलो. मंग हलवलं तर अंग गार.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं जमली, पोरगं तिरडीचं पाहून राह्यलं होतं, आन् मी बाजूच्या खोलीतल्या अण्णाकडं गेलो. कानडी हाये, ट्रक चालवते. त्याले तो पिच्चर माहीत होता. इचारलं, शेवटी राजानं हात जोडले तो कोण? अण्णा म्हणे बुद्धाचा भिक्खू जी बाबा, राजानं त्याच्यापाशी लढाई सोडली. मी म्हटलं माया तोंडाकडं पाहून सांग, मन राखाले नको सांगू. तो म्हणे आज कोणी खोटं बोलते का बाबा?

घरी आलो. बायायले सरका म्हटलं आन् तिच्या कानापाशी जाऊन सांगितलं, शेवंता, तुयं खरं होतं, भंतेच होते. पोरगं म्हणे बाबा, लोकं पाहून राह्यले. म्हटलं पाहू दे, रागावलो तवा कोणी नव्हतं आयकाले, आता तरी आयकू दे. दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगितलं. मंग म्हटलं, उचला.