काकांचा फोटो, त्या मुलीचा हक्क

आमचे कुडपणचे काका गेले, तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. मला तो इन्स्टाग्रामवर सापडला. कुणा ट्रेकर मुलीनं टाकला होता. बैलाच्या पाठीवर हात ठेवून काका हसतायत. मी सेव्ह करायला गेलो, तर बायको म्हणाली, “विचारल्याशिवाय घेऊ नका. कायद्यानं फोटो तिचा आहे.”

म्हणून मी त्या मुलीला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, “दादा, फोटो काढताना मी तरी त्यांना कुठं विचारलं होतं?” सोबत मोठा, स्वच्छ फोटोही पाठवला.

तो काकीला दाखवला. काकी फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, “त्या पोरीला विचार रे, काय बोलून हसवलंन ह्यांना? माझ्यासमोर असे कधी हसले नायत.”