मोचीची पिशवी

(जपानमधल्या एदोगावा भागातला एक फ्लॅट. जानेवारीतली रविवारची दुपार. आजी बॅग भरते आहे. नात आर्या मोचीच्या, तिच्या छोट्या पाळीव प्राण्याच्या, रिकाम्या पिंजऱ्याशेजारी बसली आहे.)

सिंधूआजी – नको कसा? तुझ्या बाबाला, अनुरागला सांगून ठेवलंय मी. स्टेशनजवळच्या दुकानात अगदी तस्साच आहे, पाठीवर काळा पट्टा. उद्या विमानात बसायच्या आत तुला नवा मोची आणून देते.

आर्या – आज्जी, मला दुसरा मोची नकोय.

सिंधूआजी – संक्रांतीपासून तोंड फुगवून बसलीयेस. रात्री माझ्याजवळ झोपायलासुद्धा येत नाहीस. उद्या आजी पुण्याला चालली, आज तरी धड बोल.

आर्या – मी नॉर्मलच बोलते.

सिंधूआजी – कसलं नॉर्मल. ही पिशवी कपाटामागे कोंबलेली सापडली मला. माझ्या जुन्या सुती साडीची आहे, बोळा करून टाकायला फडकं आहे का?

आर्या – ती मोचीची आहे.

सिंधूआजी – त्याचीच गं. त्याच्या जातीचं नाव काय ते, फुकुरो…

आर्या – फुकुरोमोमोंगा. फुकुरो म्हणजे पिशवी, मोमोंगा म्हणजे उडणारी खार. पण ती आईच्या पोटाला असते. बेबी आत मोठं होतं. मोची बॉय होता, त्याला नसते.

सिंधूआजी – म्हणून तर शिवली. बिचाऱ्याला ना आई, ना पिशवी. आधी वाटलं, हे ध्यान आजारी आहे की काय, दिवसभर नुसतं लोळतंय. मग रात्री बघते तर स्वारी पडद्यावरून थेट माझ्या डोक्यावर. देवाचं नाव घ्यायचीही शुद्ध राहिली नाही मला.

आर्या – रात्री त्यांचा दिवस असतो. आणि ती उडी नाही, ग्लाइड. हातापायांमधली स्किन पसरते.

सिंधूआजी – पसरते तर पसरते, माझा जीव गेला असता. पण दिवसा मोचीराव माझ्या गळ्यात. ह्याला इथे असा छातीशी लटकवून पोळ्या लाटायचे मी. एकच दिवस काढून ठेवला. ग्योतोकुला सुप्रभाकडे हळदीकुंकू होतं ना, चार बायकांत त्याला कुठे मिरवू? पिंजऱ्यात पिशवी टांगली, हीटर बंद केला आणि गेले. येऊन बघते तर… का गं? अशी काय बघतेस?

आर्या – काही नाही.

सिंधूआजी – हीटरचं म्हणतेस? माणूस नाही त्या खोलीत हीटर कशाला जाळायचा? तुझी आईही काही बोलली नाही त्यावर.

आर्या – मम्मी म्हणाली, आज्जीला सांगायचं नाही.

सिंधूआजी – काय सांगायचं नाही?

आर्या – मी मम्मीकडे जाते.

सिंधूआजी – आर्या. इकडे ये. बस अशी. काय सांगायचं नाही मला?

आर्या – आम्ही मोचीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, तो गेला म्हणून सांगायला. मम्मीला त्यांचं जपानी फास्ट वाटतं, म्हणून मी ट्रान्सलेट करत होते. डॉक्टर सेन्सेई म्हणाले, खूप थंडी झाली की मोमोंगा गार पडतात. कडक होतात. श्वास पण दिसत नाही. मेल्यासारखेच दिसतात.

सिंधूआजी – मेल्यासारखे.

आर्या – मग हातात धरून हळूहळू गरम करायचं. कधीकधी उठतात. कधीकधीच, आज्जी. सगळे नाही उठत.

सिंधूआजी – आणि हे सगळं तू सांगितलंस आईला? तुझ्या तोंडाने?

आर्या – मम्मी रडायला लागली. मग सेन्सेईंना मीच सॉरी म्हटलं.

सिंधूआजी – मी त्याला खोक्यात घालून गॅलरीत ठेवला गं. दिवेलागणीची वेळ, मेलेलं घरात ठेवून देवापुढे दिवा कसा लावायचा, म्हणून. ओठाला गंगेच्या पाण्याचा थेंब लावला, डोक्यावरून अंघोळ केली आणि गॅलरीचं दार घट्ट लावून घेतलं. बाहेर काय वारा होता.

आर्या – आज्जी…

सिंधूआजी – रोज छातीशी घेऊन हिंडले. आणि नेमका त्याच दिवशी त्याला हात लावायचा विटाळ झाला मला.

आर्या – तो खरंच मेला होता. मी क्लासहून आल्यावर बघितलं ना हात लावून.

सिंधूआजी – तू येईपर्यंत किती वेळ बाहेर होता तो. माझ्यासाठी खोटं नको बोलूस, बाळा.

आर्या – म्हणून मी तुझ्याजवळ झोपत नव्हते. मी झोपेत बोलते ना. मला वाटलं, तुला सांगून टाकेन.

सिंधूआजी – आणि मला वाटत होतं, माझ्यावर रागावलीस.

आर्या – थोडी रागावले पण होते.

सिंधूआजी – रागव. रागवायलाच हवं. माझाच मला राग येतोय, पण आता तो मेला राग काय कामाचा?

आर्या – आज्जी, ही पिशवी तू ने पुण्याला.

सिंधूआजी – नको. मला नाही बघवायचं तिच्याकडे. तिला घडी घालून तुझ्या कपाटात ठेव. दुसरा मोचीही नको, तुझं बरोबर आहे.

आर्या – आज मी तुझ्याजवळ झोपू?

सिंधूआजी – झोप. बोल काय बोलायचं ते झोपेत.

आर्या – मम्मी चहाला बोलावतेय. तू हो पुढे, मी हीटर बंद करून येते.

सिंधूआजी – राहू दे.

आर्या – पण इथे कोणीच नाहीये. तूच म्हणतेस ना, माणूस नाही त्या खोलीत कशाला?

सिंधूआजी – म्हणत होते. आज राहू दे चालू.