उसवण्याचा भाग

दातांच्या दवाखान्यात ती नंबरची वाट बघत बसली होती. 'शिवणताई' या नावाने ती व्हिडिओतून शिवण शिकवायची. त्यात फक्त हात दिसायचे, त्यामुळे चेहऱ्याने तिला कुणी ओळखत नसे. "आधी स्वतः शीक, मग लोकांना शिकव," असल्या शेऱ्यांना वैतागून सकाळच्या व्हिडिओतून तिने आपल्या सगळ्या चुका कापून टाकल्या होत्या.

शेजारी एक सासू-सून बोलत होत्या.

"आई, शिवणताईचा नवा व्हिडिओ बघितलात?"

"बघितला. काही राम नाही त्यात."

शिवणताईने मान खाली घातली.

"का हो? किती सफाईने बाही लावली!"

"तेच तर! माझी लागली उलटी. ती चुकली असती, तर कशी उसवायची ते तरी कळलं असतं."

"मग दुसऱ्या कुणाचं बघा की."

"दुसऱ्यांना सगळं पहिल्या फटक्यात जमतं. ते बघूनच मी मशीन माळ्यावर टाकलं होतं. ही आपली हसत म्हणायची, 'चुकलं. उसवूया.' तिच्या जिवावर खाली काढलं गं ते. आता कुणीतरी नावं ठेवली असतील, आणि घाबरली असेल बिचारी. भेटू दे, कानच धरते तिचा!"

"धरा, काकू."

"अं? तुम्ही कोण?"

"चुकलं," शिवणताई हसत म्हणाली. "उसवूया."

"अगं बाई!" सासूबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की डॉक्टर धावत बाहेर आले. "दात नाही हो दुखत! ही बघा, माझी शिवणताई!"