अप्पांच्या तोंडावर टीं

नाही पण तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? तमिळ चॅनेलवाले म्हणाले, गिरिधर सर, मोठ्यांसाठी कार्टून करा, जरा तिखट करा. केलं तिखट. श्राद्धाच्या पानापुढचा एक म्हातारा कावळा, भाताला शिवण्याआधी घरादाराला नावं ठेवणारा... वाक्यं आमच्या वारलेल्या वडिलांची, अप्पांची, फक्त तमिळ केलेली, आणि आवाजही मी अप्पांचाच काढला. अप्पा एकदा भर श्राद्धात म्हणाले होते, "शास्त्रीबुवा, मंत्र म्हणताय की शेंगदाणे भाजताय?" कावळा तेच म्हणाला. निम्मे लोक हसले, निम्म्यांनी फोन केले, पितरांचा अपमान म्हणून. मग चेन्नईहून चॅनेलच्या सौंदर्या मॅडम, मधाळ आवाजात, "बंद नको सर, बॅलन्स करू या." बॅलन्स म्हणजे काय, तर अप्पांच्या वाक्यावाक्यावर टींऽऽ!

आता टीं ऐकलं की माणूस काय समजतो? शिवीच ना? अख्ख्या कुंभकोणमला अप्पांचा आवाज ओळखीचा. कोपऱ्यावरचा मणी कॉफीवाला मला हळूच विचारतो, "अप्पा घरात इतकं घाण बोलायचे?" ज्या माणसानं जन्मात कुणाला शिवी दिली नाही हो! मला इतकी लाज वाटली... पण बॅलन्स हवा ना, बॅलन्स!

तर तुम्हाला सांगतो, परवा अप्पांचं वर्षश्राद्ध. भर दुपारी गच्चीवर पान ठेवलं, का का करून घसा बसला. कावळे आले, कठड्यावर ओळीनं बसले... आणि एकही हलेना, एकही ओरडेना. सगळे माझ्याकडे बघतायत. खाली माणसं भुकेली, आणि धाकटे मुकुंदकाका हात जोडून एकेक कबूल करतायत, "दादा, तुझ्या लेकीचं, कीर्तीचं लग्न मी लावतो... दादा, तुझी सायकल विकत नाही..." छे. मग एक म्हातारा कावळा टुणटुणत माझ्यापुढं आला, त्यानं चोच उघडली, आणि आतून...

टींऽऽ.

काका म्हणतात, "मोबाइल कुणाचा वाजला?" मोबाइल सगळ्यांचे खाली! मी कसंबसं म्हटलं, "अप्पा, टीं काढायला लावतो." तर लगेच भात उचलला की हो!

तसाच खाली येऊन मॅडमना फोन. तर त्या, "सर, टीं लोकांना फार आवडलंय! तक्रारी बंद. पुढच्या भागापासून कावळा नुसतं टींच बोलेल. बॅलन्स, सर!"

तेव्हापासून रोज सकाळी तो म्हातारा कावळा स्वयंपाकघराच्या खिडकीत. माझी बायको श्रीलक्ष्मी भात ठेवते, तो शिवत नाही, माझ्याकडे बघतो... टीं. मी म्हणतो, "बोलतोय अप्पा, मॅडमशी बोलतोय." दुसरं काय म्हणणार? टीव्हीचा प्रेक्षक चिडला तर चॅनेल बदलतो हो. ह्याला मुलगा एकच.