कोनाड्यातला बार

माझ्या हॉलमधले मासे बघून तुम्ही विचारता ना, हा शौक कुठून लागला? सांगतो.

मसोलीत घर बांधत होतो, तेव्हा हॉलच्या भिंतीत एक मोठा कोनाडा ठेवला होता. मला तिथे बेसिनसकट छोटा बार हवा होता आणि सुनंदाला माशांची टाकी. दोघंही हटेनात. शेवटी तिने उंबरगावहून आपल्या मोठ्या भावाला बोलावलं. माणूस कडक, तो मला चांगलं झापेल, अशी बायकोची खात्री.

"दादा, यांना घरात बार करायचाय. तूच सांग काहीतरी."

मेहुण्यांचा चेहरा एकदम उजळला. "करा भावोजी, कराच! आमच्याकडे गुजरातेत दारूबंदी. हद्द ओलांडली की आपलंच घर. दर शनिवारी येईन. सोसायटीतली चार मंडळीही आणतो."

सुनंदा कपाळाला हात लावून बसली. मी त्यांच्यासमोरच सुताराला फोन लावला, "टाकीचं माप घ्यायला ये."

आता सुनंदा नाही. मेहुणे मात्र दर शनिवारी येतातच. माशांना खाणं घालतात, मी केलेला चहा कसाबसा संपवतात आणि म्हणतात, "भावोजी, यापेक्षा बार बरा होता."