सोपं नाव म्हणे!

...आणि वर मलाच विचारतात, "सुशांत, तू गणपतीला गावी नाही गेलास?" नाही गेलो! का नाही गेलो? सोप्या नावापायी!

तुम्हाला सांगतो, आमच्या अंधेरीच्या ऑफिसात आयटीवाला मी एकटा. रजेचा अर्ज टाकायची आमची एक साइट, ऑफिसातच उघडणारी, पण तिला नाव नाही, नुसता नंबर! एकशे ब्याण्णव डॉट एकशे अडुसष्ट डॉट... आणि पुढे अजून दोन! प्रत्येकाच्या मॉनिटरवर त्याची चिठ्ठी चिकटवलेली. म्हटलं, साइट नवीन मशीनवर हलवतोच आहे, तर सोपं नाव देऊन टाकू, 'रजा'. इंग्रजीत चार अक्षरं, पाच मिनिटांचं काम!

साहेब म्हणाले, "मीटिंग लावू."

लागली वाट! अकरा माणसं, बावीस समोसे, दोन तास... एचआरच्या नलिनी मॅडम मान तिरकी करून, "रजा फारच निगेटिव्ह वाटतं ना रे? नावात आपुलकी हवी!" अकाउंट्सचे नंदकिशोरकाका, "मला माझा नंबर पाठ आहे, माझ्या वाटेला जाऊ नका!" आणि ठरलं काय? 'आपला-परिवार-आपली-विश्रांती'! इंग्रजी अक्षरांत, मधे डॅश देऊन! टाइप करेपर्यंत माणूस रजा कशाला हवी तेच विसरतो! सोपं नाव म्हणे!

बरं, मला गणपतीत कणकवलीचं कन्फर्म तिकीट मिळालं. कन्फर्म! बिल्डिंगमधले लोक बघायला आले हो! उड्या मारत ऑफिसात आलो, रजेचा अर्ज टाकला, स्क्रीनवर आलं, 'अर्ज पोचला, धन्यवाद'. झकास!

निघायच्या आदल्या दिवशी नलिनी मॅडम, "तुझा अर्जच नाही रे! आणि आता कोटा फुल्ल."

अर्ज नाही? गेला कुठे? तर जुन्या मशीनवर! जे बंद करायचं मीच विसरलो होतो! साइट मी हलवली, सोपं नाव मी लावलं, अख्ख्या ऑफिसला मेल मी पाठवला... आणि बोटांनी सवयीनं टाकला जुन्या मशीनचा जुना नंबर! नंदकिशोरकाकांनी मात्र नवीन नावाची चिठ्ठी केली, बघून बघून टाइप केलं, आणि गेले गुहागरला!

आईनं व्हिडिओ कॉलवर मोदक दाखवले. रडू आलं हो मला, खरंच.

तेवढ्यात ऑफिसचा फोन. नलिनी मॅडम! "सुशांत, मला उद्या रजा टाकायचीय... ते आपलं सोपं नाव काय होतं रे?"

म्हटलं, "मॅडम, पेन आहे ना? नवीन नंबर लिहून घ्या."